पायरी नसलेलं दुकान

सायकलच्या दुकानाचं पोट सायकली विकून भरत नाही. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. नव्या सायकलीवर सुटणारं कमिशन आधीच बेताचं, त्यात गिऱ्हाईक घासाघीस करून घंटी, कुलूप आणि सीटकव्हर वर मागणार. माल रोखीने आणायचा आणि पैसे मात्र हप्त्याहप्त्याने यायचे. दुकान चालायचं ते पंक्चरवर, ओव्हरहॉलिंगवर आणि कितीतरी वर्षं भाड्याच्या सायकलींवर. गल्लीतली प्रत्येक सायकल चालू ठेवायची, हा आमचा धंदा.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हाच्या आठवणी निघाल्या की लोक लक्ष्मी रोडवरची गर्दी सांगतात, कारखाने सुटल्यावर रस्ताभर वाहणारे सायकलींचे लोंढे सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण एवढ्या सायकली रोज सकाळी रस्त्यावर यायच्या, म्हणजे आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्या ठाकठीक करून ठेवत होतं. त्या माणसांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे आमच्या घरापुरतं लिहून ठेवते आहे.

आजोबांना सगळे अण्णा म्हणायचे, आम्ही नातवंडंसुद्धा. अण्णा सासवडकडचे. शाळा अर्धवट टाकून पुण्यात आले आणि लष्कर भागात एका पारशी मालकाच्या सायकल दुकानात लागले. आधी झाडलोट, मग हवा भरणं, मग पंक्चर, आणि बऱ्याच काळाने चाकाला हात लावायची परवानगी. सायकली बहुतेक गोऱ्या लोकांच्या: रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए. सगळा माल विलायतेहून यायचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तो यायचा आटला. मग टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा घालायचा, ट्यूबवर पॅचवर पॅच चढवायचे, झिजलेला कोन, म्हणजे चाकाच्या ॲक्सलवरचा निमुळता भाग, कानशीने घासून परत बसवायचा. अण्णा म्हणायचे, काम मी त्या टंचाईत शिकलो. सुटा भाग मिळत नाही म्हटल्यावर असलेला भाग मरेपर्यंत वापरायचा कसा, हे हाताला कळलं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी नारायण पेठेत एका वाड्याच्या दर्शनी बाजूचे दोन खण भाड्याने घेतले. विकायला एकही सायकल नव्हती. भाड्याच्या तीन जुन्या सायकली, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि पान्ह्यांची पेटी, एवढ्यावर दुकान उघडलं. दुकान लावायच्या आधी त्यांनी फक्त एक खर्च केला. वाड्याला दगडी जोतं होतं, आत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. मालकांची परवानगी काढून अण्णांनी आपल्या दोन खणांपुरतं जोतं फोडलं आणि जमीन रस्त्याच्या पातळीला आणली. पंक्चर झालेली सायकल, तिच्या कॅरिअरला दुधाच्या दोन भरलेल्या किटल्या, ती उचलून पायरी चढायला माणसाला कशाला लावायचं? तो थेट ढकलत आत आला पाहिजे. पेठेत तेव्हा बहुतेक दुकानं जोत्यावर असायची. आमचं एकटंच रस्त्याला लागून होतं.

त्याच सुमाराला देशातले कारखाने उभे राहत होते. 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियानाला हिरो. अण्णा सुरुवातीला देशी सामानाकडे जरा संशयानेच पाहायचे. नवा कोन आला की तो बोटांत फिरवून, नखाने त्याची घडण तपासून मगच बसवायचे. पण सायकल स्वस्त झाली, तेव्हा दुकानात येणारी माणसं बदलली, हे ते कौतुकाने सांगत. आधी वकील, प्राध्यापक, सरकारी कारकून. मग खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतले कामगार, आणि पुढे पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाल्यावर तिकडे जाणारी पोरं. पेठेतून पिंपरी म्हणजे एका बाजूने पंधरा किलोमीटर तरी होतं. पहिल्या पाळीची माणसं उजाडायच्या आत निघत, म्हणून दुकानही तेव्हाच उघडायचं. आजी चुलीवर चहाचं आधण ठेवून खाली यायची, फळ्या काढायची आणि पंप बाहेर टेकवून ठेवायची. हवा ज्याची त्याने भरायची. पैसे डब्यात टाकले तर टाकले.

भाड्याच्या सायकलींची वही हा दुकानाचा आत्मा होता. लांबट, लाल बांधणीची. नाव, वाडा, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. 1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा अण्णांनी एका पानावर आडवी रेघ मारून वर आणे आणि खाली नवे पैसे असा हिशोब लिहिला होता. ते पान माझ्या आत्याने पाहिलेलं आहे. अनामत कुणाकडूनच घेत नसत. वाडा माहीत असला की झालं. नवा माणूस असेल तर त्याने पेठेतल्या कुणाचं तरी नाव सांगायचं, आणि ते नाव वहीत त्याच्या नावापुढे चढायचं. सायकलीला पालिकेचा बिल्ला आहे ना, दिव्यात रॉकेल आहे ना, हे बघून मगच ती बाहेर जायची, कारण अंधारात बिनदिव्याची किंवा डबलसीट दिसली की पोलीस हमखास धरायचा आणि भुर्दंड भाड्याने नेणाऱ्याला बसायचा.

अर्ध्या पेठेने सायकल शिकली ती या सायकलींवर. मोठ्यांची काळी सायकल, दांडीच्या वरून पाय पोचत नाही, म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल. पडणं ठरलेलंच. अण्णांचा नियम असा, की पडलात तर आधी दुकानात येऊन सांगायचं, मग घरी. गुडघ्याला ते स्वतः टिंक्चर लावत. चाकाची तार तुटली असेल, मडगार्ड वाकला असेल, तर पैसे मागायचे नाहीत, पण ज्याच्या हातून झालं त्याने ती दुरुस्त होईपर्यंत सायकल धरून उभं राहायचं. कितीतरी मुलांनी दुरुस्तीचा पहिला धडा असा सायकल धरून उभ्या उभ्या घेतला. त्यातले दोघे पुढे इंजिनिअर झाले. त्यांनी ते मोठेपणी दुकानात येऊन आवर्जून सांगितलं, तेव्हा अण्णा दिवसभर खुशीत होते.

12 जुलै 1961. पुण्यात या तारखेला वर्षाची गरज पडत नाही. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याला पेललं नाही आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आजीने पोरांना घेऊन पर्वतीकडे धाव घेतली. अण्णा आणि मोठा मुलगा, म्हणजे माझे काका, जेवढ्या सायकली वाड्याच्या माडीवर नेता येतील तेवढ्या नेत राहिले आणि पाणी दुकानात शिरल्यावर निघाले. माडीसुद्धा वाचली नाही. पाणी ओसरल्यावर आले तेव्हा दुकानात छातीएवढा चिखल आणि कुणाच्या तरी घरातलं कपाट आडवं पडलेलं. वही गेली होती. वहीबरोबर पेठेची सगळी उधारी गेली.

त्यानंतरचे महिने काकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की ते मला समोर दिसतात. पुरातून निघालेली सायकल वरून धुतली की चांगली दिसायची. पण तिच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, पायडलच्या मधल्या ॲक्सलमध्ये, हँडलच्या मानेत, फ्रीव्हीलमध्ये, जिथे जिथे म्हणून छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, आहेत तिथे तिथे गाळ गेलेला असायचा. ती तशीच चालवली तर आठ दिवसांत सगळे कोन खाऊन टाकणार. म्हणून प्रत्येक सायकल पूर्ण उघडायची. पुढच्या चाकात दोन्हीकडे दहा-दहा बारीक छर्रे, मागच्या चाकात नऊ-नऊ जाड. ते रॉकेलमध्ये धुवायचे, फडक्यावर मोजून ठेवायचे, डाग पडलेला छर्रा बाजूला काढायचा. हबच्या कपात, म्हणजे छर्रे बसतात त्या वाटीत, ग्रीसचा थर द्यायचा, त्यात एकेक छर्रा बोटाने चिकटवायचा, ॲक्सल घालायचा, कोन आवळायचा आणि किंचित मागे फिरवायचा. हे किंचित किती, ते सांगता येत नाही. अण्णांची परीक्षा एकच होती: चाक उचलून हलकेच सोडायचं. व्हॉल्वचं वजन ते किती असणार, पण कोन नीट बसला असेल तर तेवढ्या वजनानेही चाक आपोआप फिरतं, मागेपुढे झुलतं आणि व्हॉल्व खाली आला की थांबतं. मध्येच अडकलं तर सगळं परत उघडायचं. फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, तर इतके नाजूक, त्यांच्यामागची स्प्रिंग केसाएवढी. एक निसटली की अख्खं घर जमिनीवर ओणवं होऊन शोधायचं.

मजुरीवरून त्या दिवसांत अण्णा आणि आजीचं वाजलं. आजीचं म्हणणं, लोकांची घरं वाहून गेलीत, मजुरी घेऊ नका. अण्णांचं म्हणणं, दुकान आपलंही वाहून गेलंय, आणि रॉकेल-ग्रीस रोखीने आणतोय. शेवटी अर्धी मजुरी ठरली. मला यात अण्णांचं पटतं. फुकट काम करून दुकान बुडालं असतं तर पुढच्या वर्षी त्याच लोकांना दुरुस्तीला जागा उरली नसती. उधारीचं म्हणाल, तर पुष्कळ लोक आपणहून येऊन आकडा सांगून गेले. काही आले नाहीत. न आलेल्यांची नावं घरात सगळ्यांना माहीत आहेत आणि ती बाहेर काढायची नाहीत ही आजीची सक्त ताकीद होती. मीही ती पाळते.

पुरानंतर सगळ्यांनी एक सल्ला दिला: आता तरी जोतं उंच करा. अण्णांनी ऐकलं नाही. धरण काय रोज फुटणार आहे का, आणि दूधवाला तर रोज येणार आहे, असं म्हणाले. दुकान रस्त्याच्या पातळीलाच राहिलं.

आत्याबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास अपुरा आहे. घरात तो सांगताना अण्णा, मग काका, मग काकांचा मुलगा दादा अशी पुरुषांची ओळ सांगितली जाते, आणि मला ते कधीच आवडलेलं नाही. दुकानातली सगळ्यात अवघड कामं वीस-बावीस वर्षं आत्याच्या हातची होती. पुरानंतर मनुष्यबळ कमी पडलं, तेव्हा हुजूरपागेत जाणारी ही मुलगी शाळेतून आली की फ्रॉकवर जुना सदरा घालून कामाला बसायची. लग्नानंतर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी संध्याकाळी येत राहिली. नव्या रिमला तारा भरून चाक उभं करणं हे तिचं खास काम. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. तारा भरून झाल्या की चाक वेडंवाकडं फिरतं, त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. ती चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कला, हाताचं कोपर टेकवून रिमजवळ खडू धरायची आणि चाक हळू फिरवायची. रिम जिथे बाहेर आली असेल तिथे खडूची पांढरी रेघ उमटायची. मग रेघेच्या पलीकडच्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, या बाजूच्या तेवढ्याच सैल करायच्या. परत खडू. रेघ लहान लहान होत जायची. शेवटी ती तारांवरून नख फिरवायची आणि कान देऊन ऐकायची. एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एका सुरात बोलल्या पाहिजेत. एखादी बद्द वाजली तर ती सैल आहे, आणि महिन्याभरात तीच चाक बिघडवणार. काकांना हे जमायचं नाही, ते तसं कबूल करत. बाहेरची गिऱ्हाइकं मात्र "मिस्त्री कुठे आहेत?" असं तिलाच विचारायची. ती "बसा, येतील" म्हणायची आणि ते बसले असताना त्यांचं चाक पूर्ण करून हातात द्यायची.

1972 मध्ये लूना मोपेड आली, त्याच वर्षी चेतक स्कूटरही. दोन्ही पुण्याच्याच कंपन्यांच्या. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, त्यामुळे सायकलीला लगेच धक्का बसला नाही. नंबर लागेपर्यंत माणूस सायकलवरच असायचा. तेव्हा माझे वडील बँकेत लागले होते आणि दुकान काकांकडे आलं होतं. वडिलांनी सुचवलं, लूनाची दुरुस्ती घेऊ, जागा आहे, हात आहे, बँक कर्ज देईल. काका नाही म्हणाले. इंजिनाच्या तेलाचा वास आला की सायकलवाला गिऱ्हाईक दाराशी घुटमळतो, असं त्यांचं म्हणणं. मला काकांबद्दल फार प्रेम आहे, पण इथे ते चुकले असं मी आजही म्हणते. पेठेतली तीच माणसं लूनावर बसली आणि पंक्चर काढायला दुसरीकडे जायला लागली. पंक्चरला काही इंजिन लागत नाही.

ऐंशीच्या दशकापासून काही वर्षं पुन्हा तेजी आली. बीएसएची एसएलआर, मग मुलींसाठी लेडीबर्ड, मग जाड टायरच्या रेंजर. दहावीच्या निकालानंतर दुकानासमोर नव्या सायकलींना हार घालून फोटो काढले जायचे. हिरो 1986 मध्ये जगात सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी ठरली, ते कात्रण काकांनी काचेखाली लावलं होतं. पण घरोघरी मुलांची सायकल आल्यावर भाड्याची सायकल कोण नेणार? नव्वदीच्या सुरुवातीला काकांनी शेवटची वही बंद केली. त्यानंतर काही वर्षांत हप्त्यावर मोटरसायकली मिळायला लागल्या, रस्ते रुंद झाले, पूल झाले, आणि चौथीतल्या मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला आईचा जीव होईना. सायकल लोकांनी आळसाने सोडली असं म्हणतात, त्याची मला चीड येते. दुकानात सायकल विकायला आलेले आईबाप मी लहानपणी ऐकलेले आहेत. कुणीही "मुलगा कंटाळला" असं म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, "भीती वाटते हो."

2017-18 मध्ये पुण्यात ॲपवर मिळणाऱ्या तासाच्या सायकली आल्या, तेव्हा दादा फार उत्साहात होता. आपलाच धंदा परत आला, म्हणाला. महापालिकेचा सायकल आराखडाही त्याच सुमाराला मंजूर झाला होता. संध्याकाळी तो मुद्दाम त्या सायकली बघायला जायचा, हब कसा आहे, टायर भरीव आहे का, कुलूप कसं उघडतं. पुढे त्या फुटपाथवर पडलेल्या दिसायला लागल्या. कुणाचं सीट गेलेलं, कुणाची साखळी लोंबतेय. मग दिसेनाशाच झाल्या. लोकांना शिस्त नाही, असं त्यावर पुष्कळ बोललं गेलं. मला वाटतं, आमच्या सायकली चाळीस वर्षं पेठेत टिकल्या त्या काही लोक जास्त सज्जन होते म्हणून टिकल्या नाहीत. सायकल परत आणल्यावर तिच्याकडे बघणारा एक माणूस दारात बसलेला असायचा. तार तुटली तर ती त्याच रात्री बदलली जायची. पडून राहिलेली सायकल बघूनच पुढचा माणूस तिला लाथ मारतो. रोज रात्री पुसलेली सायकल कुणी फारसं मोडत नाही. तासाच्या भाड्याचा हिशोब ॲप करतं. तार बदलायला माणूसच लागतो, आणि त्याचा पगार कुठल्याच हिशोबात नीट धरला नव्हता.

2020 च्या 3 जूनला, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दादाने त्यांना सांगितलं नाही. गंमत बघा, त्याच टाळेबंदीनंतर दुकानात पुन्हा गर्दी झाली. माळ्यावरून, गच्चीवरून, बाल्कनीतून काढलेल्या गंजक्या सायकली घेऊन लोक रांगेत उभे. आता गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या सायकली येतात, ऑनलाइन मागवलेल्या, खोक्यात सुट्या. दादा त्या जोडून देतो. कोऱ्या सायकलचं चाकसुद्धा तो आधी खडू धरून फिरवतो. हाताखाली आत्याची नात असते, ती इंजिनिअरिंगला आहे आणि शनिवारी-रविवारी येते. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. तिला दिसतं कमी, पण फोन स्पीकरवर ठेवून नात तारांवरून नख फिरवते आणि पलीकडून आत्या सांगते, "व्हॉल्वपासून चौथी ऐक परत."

सध्या वाडा पाडून इमारत बांधायची बोलणी चालू आहेत. बिल्डरने भाडेकरूंना दाखवलेल्या नकाशात आमचं दुकान समोरच आहे, पण पार्किंगसाठी जमीन उचलल्यामुळे ते साडेतीन फूट वर गेलं आहे. पुढे ग्रॅनाइटच्या सहा पायऱ्या आणि स्टीलचा कठडा. चौरस फूट आहेत त्याहून थोडे जास्तच देताहेत. बाकीचे भाडेकरू सही करून मोकळे झाले. दादाने केली नाही. गेल्या आठवड्यात तो आर्किटेक्टच्या ऑफिसात एक भरलेली सायकल घेऊन गेला, कॅरिअरला दोन किटल्या बांधून, आणि त्या तरुण मुलीला म्हणाला, "ताई, ही एकदा तुमच्या जिन्यावरून चढवून दाखवा." तिने चढवून पाहिली. आता उताराचा नवा नकाशा काढायचं तिने कबूल केलं आहे. उतार किती लांब धरायचा यावर अजून एकमत नाही. दादा बारा फुटांच्या खाली यायला तयार नाही, आणि आम्ही सगळे त्याच्या बाजूने आहोत.